अवतरणाआधीचा ‘यू’

कानाच्या दवाखान्यात नावं पुकारून उपयोग नसतो, म्हणून तिथे भिंतीवर बोर्ड होता. पाळी कुणाची ते तो लिहून दाखवायचा. त्याचा प्रोग्राम ज्या बाईंच्या गळ्यात पडला होता, त्यांचे सासरेच तिथले पेशंट.

प्रोग्राम पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला. जुन्या पायथनला मराठी वाक्य द्यायचं तर अवतरणचिन्हाच्या आधी ‘यू’ लावायचा, नाहीतर त्याला अक्षरांऐवजी नुसते आकडे दिसत. नव्याला यू लागत नाही. मधल्या काही आवृत्त्यांना तर तो खपतही नसे, मग रुसवा गेला आणि पुन्हा चालू लागला. या नखऱ्यांनी बाई मेटाकुटीला आल्या होत्या. त्या दिवशी सकाळी ऑफिसातले साहेब म्हणाले, “तो यूंचा कचरा काढा एकदाचा,” तर बाईंनी सगळे यू उडवून टाकले. आपल्या नव्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिलं, झकास चाललं, तसंच दवाखान्याला पाठवून दिलं. दवाखान्यातला कॉम्प्युटर अजून जुन्या पायथनवरच रखडतोय, हे त्यांच्या शिणलेल्या डोक्यातून साफ निसटलं.

तिथे नुसतं वाक्य बोर्डावर जसंच्या तसं जायचं, पण ‘आत या’च्या आकड्यांना पेशंटच्या नावाची अक्षरं जोडताना प्रोग्राम अडला आणि चूक गिळून गप्प बसला. बोर्डावर सुरुवातीचं ‘थोडं थांबा’ दिवसभर तसंच राहिलं.

सासऱ्यांना नेमकं त्याच दिवशी कानाचं मशीन बसवायचं होतं. नातीचं बोलणं ते ओठांवरून ताडायचे, तिचा आवाज ऐकायला आसुसले होते. मशीन बसवणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच येत.

संध्याकाळी बाई त्यांना न्यायला पोचल्या तेव्हा डॉक्टर निघून गेले होते.

“बाकीचे कंटाळून दार ढकलून आत गेले,” नर्स म्हणाली. “आजोबा हलले नाहीत. मला वाटलं, कुणाबरोबर तरी आलेत.”

बाईंनी बोर्ड पाहिला. काय झालं ते त्यांना तिथल्या तिथे कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुझा बोर्ड थांबा म्हणतोय,” सासरे म्हणाले, “म्हटलं, त्याला काही कारण असणार. आपण कशाला मध्ये घुसा?”

“माझी चूक झाली, बाबा,” त्या पुटपुटल्या.

“काय?” त्यांनी कानामागे हात धरला.

बाईंनी तेच घसा ताणून सांगितलं. नर्स वळून बघायला लागली, बाकावरच्या दोघातिघांनी माना वर केल्या. सासऱ्यांनी मात्र नकारार्थी डोकं हलवलं आणि पिशवी उचलली.

“राहू दे,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात सांग, मशीन बसल्यावर.”