भिंतीवरचं नान

उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावच्या त्या गल्लीत ओयदीनच्या तंदूरचं नान सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या तेलाच्या घाण्यावरून ती तिळाची ताजी पेंड आणायची, वाळवून दळायची आणि गव्हाच्या पिठात मिसळायची. घाण्यावरची सानोबर हसायची, "आपा, पेंड आम्ही गाईला घालतो. पोराचा बैल करतेस की काय?"

"बैल नको, माणूस झाला तरी पुरे. नुसता दोरीसारखा वाळलाय."

आणि खरंच, इल्होमच्या अंगावर मांस चढलं. एकुलता एक पोरगा, बाप कधीच गेलेला. तो रशियात बांधकामावर निघाला त्या सकाळी तिने त्याच पेंडीच्या पिठाचं नान भाजलं. तिकडची रीतच तशी: निघणाऱ्याने नानाचा एक घास तोडायचा, उरलेलं फडक्यात बांधून भिंतीवर टांगायचं; परत आल्यावर त्यानेच ते संपवायचं. नान आपल्या माणसाला घरी ओढून आणतं. इल्होमने दातांनी लचका तोडला आणि भरल्या तोंडानेच म्हणाला, "सांभाळ गं आई. बाकीचं माझं आहे."

साधं नान वर्षानुवर्षं टिकतं. दगड होतं, पण टिकतं. पेंडीत तेलाचा अंश राहतो आणि तो खवटतो, हे ओयदीनला काय ठाऊक नव्हतं? पण त्या सकाळी सुचलं नाही. पोराच्या अंगी ताकद राहावी, एवढंच मनात होतं.

उन्हाळ्यात खोलीत खवट वास सुटला. तिने फडकं सोडलं, तर नानात किडे वळवळत होते. इल्होमच्या दातांची खूण भुगा होऊन तिच्या तळव्यावर पडली.

तिने कुणाला सांगितलं नाही. ते नान पाखरांना घातलं आणि नुसत्या गव्हाचं नवं भाजलं. पण घास कोण तोडणार? दार लावून तिनेच तोडला, आणि नान त्याच खिळ्याला टांगलं.

इल्होमचा फोन यायचा.

"आई, माझं नान आहे ना?"

"आहे रे, भिंतीवर."

"उंदरांनी नाही ना खाल्लं?"

"उंदीर तुझ्याएवढे अधाशी नसतात."

तो खदखदून हसायचा. फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे पाठ करून बसायची.

कापूस वेचणीच्या दिवसांत इल्होम परांचीवरून पडला. शवपेटी आली, दफन झालं. घरात बायका जमल्या. सानोबरने डोळे पुसत खिळ्याकडे हात नेला. "आपा, हे पाखरांना घालते. त्याचं राहिलेलं त्याला पोचेल."

"हात लावू नकोस."

"अगं, गेलेल्याचं नान भिंतीवर ठेवू नये."

"ते त्याचं नाहीच," ओयदीन म्हणाली. "त्याचं किड्यांनी खाल्लं. ह्याच्यावर दात माझे आहेत. ज्याचा घास, त्यालाच नान ओढणार ना? बघ, मी घरातच आहे."

सानोबरने हात मागे घेतला. ओयदीनने नान उतरवलं, गुडघ्यावर आपटून फोडलं आणि एक तुकडा चहात बुडवला. तो भिजेना. तिने पुन्हा बुडवला, आणि तसाच चावत राहिली.