छावणीतला पडदा

आमच्या दूध सोसायटीची मी चेअरमन. त्यामुळे दुष्काळात चारा छावणी चालवायची ती मीच, टँकरवाल्याशी भांडायचं ते मीच. बाप्ये फोटोला पुढे आणि शेण उचलायला मागे. मुलींना कॅन्सरची लस द्यायला बीडहून माणसं आली, तेव्हा मांडवही मीच दिला.

लस गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवरची होती. एका संस्थेने ती आणली, सरकारी दवाखान्याने नर्स दिली, जागा सोसायटीची. त्या साली ऊस लवकर संपला, त्यामुळे तोडीला गेलेली बिऱ्हाडंही परतली होती. सगळ्या बाया लेकरांसकट छावणीत गुरांपाशीच राहत होत्या. पोरी शोधत हिंडायला नको, म्हणून मला आयतंच वाटलं.

नर्सबाई स्वभावाने चांगल्या. पोरी लाजतील म्हणून त्यांनी टेबलापुढे हिरवा पडदा बांधून घेतला आणि आयांना बाहेर बसवलं. मग मोठ्याने म्हणाल्या, "ही सुई घेतली नाही, तर पुढे मुलींना कॅन्सर होऊ शकतो."

बाया उठल्या. एकेक जण पोरीचा हात धरून आपल्या दावणीला निघून गेली.

"किती हा अडाणीपणा," नर्सबाई पुटपुटल्या. मला राग आला, पण आधी छबुबाईकडे गेले. सगळ्यांच्या आधी तीच उठली होती.

छबुबाई ऊसतोडीची. वय पस्तिशीचं, दिसते पन्नाशीची. अंगावरून पांढरं जातं म्हणून सव्विसाव्या वर्षी ती एका खाजगी दवाखान्यात गेली, तर तिथल्या डॉक्टरने पिशवीच काढून टाकली. तेव्हापासून कंबर धरलेली, अंगाची आग होते, झोप नाही. आमच्या गावात अशा बाया घर सोडून घर आहेत.

"छबु, ही लस तशी नाही गं," मी म्हटलं.

ती गाईला वैरण टाकत होती. "अक्का, तवाबी हेच म्हनले व्हते. कॅन्सर हुईल. मंग पडदा वढला. माय माझी बाहीर बसलेली. काय काढलं, कसं काढलं, कुनी दावलं न्हाई. शिवकन्या माझी येकलीच हाय. तिला त्या पडद्याच्या आत कशी धाडू?"

मी तशीच मागे फिरले आणि नर्सबाईंना म्हटलं, "बाई, तुमचं बोलणं खरं आहे. पण तेच बोलून या बायांना आधी कुणीतरी फसवलंय. दुधाने तोंड पोळलेली माणसं आहेत ही, ताकही फुंकूनच पिणार." आणि छबुबाईचं सगळं सांगितलं.

नर्सबाईंनी उठून स्वतः पडद्याच्या गाठी सोडल्या आणि त्या तडक छबुबाईच्या दावणीला गेल्या.

"ताई, तुम्ही चला. लेक तुमच्या मांडीवर बसेल. मी काय करते ते तुम्ही बघा."

"काढायचं काय न्हाई ना?"

"काही नाही. दंडावर टोचायचं."

"भूल?"

"नाही."

"मंग पुढं पिशवी काढा म्हनाल."

"नाही ताई. हिची पिशवी धडधाकट राहावी म्हणूनच ही सुई."

छबुबाईने हात धुतले आणि लेकीला घेऊन निघाली.

तेरा वर्षांची शिवकन्या आईच्या मांडीवर बसताना लाजेने हसत होती. दावणीदावणीला बाया माना उंच करून बघत होत्या. सुई गेली, आली.

"यवढंच?" छबुबाई म्हणाली.

लस टोचल्यावर अर्धा तास बसायचं असतं. मायलेकी बाकावर बसल्या. थोड्या वेळाने छबुबाईने हळूच विचारलं, "शिस्टर, माझी पिशवी खरंच खराब झालती का वो?"

"काढल्यावर ती तपासायला पाठवली होती का? काही कागद दिला?"

"न्हाई."

नर्सबाई त्या वेळी खोटं बोलल्या असत्या, तर मी त्यांना माफ केलं असतं. पण त्या तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मला आता कळायला मार्ग नाही, ताई. पण नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढत नाहीत. बहुतेक गोळ्यांनी बरं वाटलं असतं."

"गोळ्यांनी," छबुबाई म्हणाली. "मंग कावून काढली असंल?"

ऑपरेशनच्या पैशासाठी, हे मला ठाऊक होतं. छबुबाईने शिवकन्येच्या दंडावरचा कापूस उचलून पाहिला, पुन्हा दाबून धरला. मग मान वर करून पलीकडच्या दावणीला हाक दिली.

"कडूबाई, आन गं तुझ्या पोरीला. इथं काय बी काढत न्हाईत."

एवढं बोलली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. कडूबाई पोरीला घेऊन आली, तेव्हा छबुबाईने रडत रडतच सरकून तिला बाकावर जागा करून दिली.