बॉनेटखालचं पाणी

चढावर ट्रक बंद पडला. तिने बॉनेट उचलून पाहिलं, तर बॅटरी वायरवर लोंबकळत होती. खालचा पत्रा गंजून गळून पडला होता. हाच पत्रा गेल्या महिन्यात तिने खरवडून रंगवला होता. मागच्या गाड्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या. सिमेंटच्या गोण्यांची दोरी सोडून तिने बॅटरी कशीबशी आवळली आणि तोंडातल्या तोंडात शिव्या घालत घर गाठलं.

ट्रक सासऱ्यांचा. उभी हयात त्यांनी तो चालवला. नजर अधू झाल्यावर चावी मुलाकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे गेली. त्याच्या कंबरेने दगा दिला, त्याने गोदामात नोकरी धरली. मग हिने हट्टाने स्टिअरिंग हातात घेतलं. तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिच्या बाजूने उभे राहिले ते सासरेच. गाडीला बाई-पुरुष कळत नाही, हात कळतो, असं त्यांनी एकेकाला ऐकवलं होतं.

तिथेच तिची पंचाईत होती. सासऱ्यांकडे आता एकच काम उरलं होतं: रोज सकाळी बॉनेट उघडायचं आणि नळी लावून इंजिन धुवायचं. धूळ साचली की इंजिन तापतं, यावर ते ठाम. पाणी सांध्यासांध्यात मुरायचं, बॅटरीखाली साचायचं. तिने आडवळणाने सांगून पाहिलं. नळी लपवली, तर ते बादलीने धुऊ लागले. नवरा म्हणाला, धुऊ दे गं, म्हाताऱ्याचा जीव रमतो. त्यांचा रमत होता, हिचा मात्र मेटाकुटीला आला होता.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं, आज उशीर का झाला. तिने पत्र्याचा उरलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, हा गंज तुमच्या पाण्याने धरतोय. मी खरवडायचं, तुम्ही भिजवायचं. किती दिवस तेच करू मी?"

त्यांनी तुकडा बोटांनी चाचपला. त्याचा भुगा झाला.

"आधी का नाही बोललीस?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नळीला हात लावला नाही.

सुट्टीच्या दिवशी तिने बॅटरी उतरवली. सोड्याच्या पाण्याने ॲसिडची पांढरी पूड धुतली, सगळं उन्हात कडक वाळवलं, तारेच्या ब्रशने गंज उतरवला. नवा पत्रा बसवला, रेड ऑक्साइड मारलं, वर काळा रंग, बोल्टांना ग्रीस. शेवटी समोरच्या काचेखालच्या पन्हळीत बोट घातलं, तर हाताला कुजका पाला लागला. झाडाखाली गाडी लावायची ती, आणि पाला काढायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. पावसाचं तुंबलेलं पाणी तिथून नेमकं बॅटरीवर ठिबकत होतं. तिने पाना गाडीखाली भिरकावला.

बॉनेट लावून ती घरात गेली. सासरे खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने पन्हळीचं सगळं सांगितलं. म्हणाली, दोष एकट्या तुमच्या पाण्याचा नव्हता.

"असू दे," ते म्हणाले.

"या ना बाबा. बघा तरी, कसं झालंय."

ते उठले, दारापर्यंत आले आणि चौकट धरून थांबले.

"दिसतंय इथून," ते म्हणाले. "रंग छान बसलाय."

अंगणाच्या त्या टोकाला ट्रक उभा होता, बॉनेट बंद.