तौनोची तोफ आणि लेम्पीचा खांदा

हरणाला आपण कुठल्या काडतुसाने मेलो याच्याशी काही देणंघेणं नसतं. माणसांना मात्र असतं, आणि ऑक्टोबर उजाडला की तशी सगळी माणसं माझ्या दुकानात शेगडीभोवती बसून माझी कॉफी पितात. मी आर्वो निस्काला. चाळीस वर्षं या गावात रायफली, हातमोजे आणि गळाला लावायची गांडुळं विकतो आहे. गांडुळं घेणारा पाच मिनिटांत जातो. रायफल घेणारा आधी तीन आठवडे बसतो, आणि मग भावाची जुनी मागून नेतो.

बसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज तौनो कार्वोनेनचा. त्याची रायफलही तशीच. लिव्हरचीच, आमच्याकडे बहुतेकांची असते तशी. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ढकलून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर आणि भरलेलं आत. पण तौनोची फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी. ते काडतूस अंगठ्याएवढं जाड, या देशात गव्यांचे कळप हिंडत होते त्या काळातलं. तौनो ते खिशातून काढून टेबलावर उभं करायचा आणि सांगायचा, की बाकीची सगळी खारींसाठी. आमच्या सीडरच्या दाट झाडांनी भरलेल्या दलदलीत साठ पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि आमचं हरीण दोन माणसं सहज ओढून आणतात. त्याला मारायला तोफ कशाला, असं मी विचारायचो. उत्तर म्हणून तो आणखी एक कप कॉफी घ्यायचा.

या वर्षी त्याच तोफेपायी त्याच्या बहिणीच्या मचाणावर गदा आली.

लेम्पी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, एकाहत्तरची. कार्वोनेनांचा जंगलात शिकारीचा कॅम्प आहे आणि कॅम्पच्या आसपास चार मचाणं. दलदलीच्या काठचं लेम्पीचं. नवरा गेला त्या वर्षी तिने स्वतः फळ्या ठोकून बांधलेलं. एप्रिलमध्ये तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि त्या खांद्याला पुन्हा बंदूक लावायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. लगेच तौनोने जाहीर केलं, की माझ्यासारखी दमदार रायफल घेऊन येणार असशील तर ये, नाहीतर मचाण ब्रेंटला. अर्धमेली हरणं हुडकत चिखलात फिरायला आपण मोकळे नाही म्हणे. ब्रेंट म्हणजे त्याचा जावई, पुलापलीकडच्या लॅन्सिंग शहरातला. मुलगा वाईट नाही, पण जंगलात सेंट लावून येतो.

लेम्पी एका सोमवारी सकाळी दुकानात आली, तेव्हा शेगडीजवळ कुणी नव्हतं. तिने ते मुद्दामच साधलं असणार.

"तौनोसारखी दाखव," ती म्हणाली.

"तुला ती नको आहे."

"मला काय नको ते मला ठरवू दे. आधी हातात तर दे."

मी तिला गावामागच्या रेतीच्या खड्ड्यावर घेऊन गेलो. बंदूक डाव्या खांद्याला लावली तिने. लिव्हरच्या बंदुकीचं हेच बरं असतं, डावा-उजवा भेद तिला नाही. एक गोळी मारली आणि धक्क्याने ती खाली बसली. दुसरी मारायच्या आधीच डोळे मिटले, असं तिने सरळ सांगून टाकलं. चाळीस वर्षांत एकाही पुरुष गिऱ्हाइकाने मला हे सांगितलेलं नाही.

मग मी थर्टी-थर्टी काढली. लिव्हरचीच, पण काडतूस बारीक आणि धक्का कमी. आखूड नळीची, हलकी, झुडपात न अडकणारी. माझं मत विचाराल तर रायफल घ्यावी खांदा बघून आणि काडतूस घ्यावं जंगल बघून. लोक दोन्ही घेतात शेजारी बघून. लेम्पीने पाच गोळ्या मारल्या आणि पाचही एका बशीत मावल्या असत्या. तिचे हात आखूड, म्हणून खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मी इंचभर कापायचं ठरवलं आणि मागे मऊ रबर लावून द्यायचं कबूल केलं. दुकानात परतल्यावर ती नळीवरून हात फिरवत बसली.

"हरीण मिळो न मिळो रे," ती म्हणाली. "त्या मचाणावर बसलं की मला कुणी काही विचारत नाही. वर्षातले तेवढेच दिवस मी कुणाची काही नसते. ते गेलं तर मी काय करू?"

मी दस्ता कापायला घेतला.

गावात गोष्ट लपत नाही, लेम्पीच्या हलक्या रायफलीची तर नाहीच. शुक्रवारी तौनो आला आणि मला बाजूला घेऊन कुजबुजला. उद्या कॅम्पची सगळी मंडळी खड्ड्यावर जमणार, लेम्पीची परीक्षा घेणार. रायफल मी भरायची आणि पाचांत एक मुकं काडतूस घालायचं. मुकं म्हणजे वरून हुबेहूब, पण आत दारू नाही. मारणाऱ्याला ठाऊक नसतं. चाप ओढला की नुसतं टक्. धक्का बसत नाही, तेव्हा नळी जागची हलायला नको. हलली, तर ती माणसाने हलवली. म्हणजे गडी धक्क्याला भिऊन आधीच बिचकतो, हे सगळ्यांदेखत उघडं पडतं.

"म्हातारीची नळी कशी नाचते ते बघू दे सगळ्यांना," तौनो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. बंदुका मी भरीन, एवढंच मी म्हणालो. कुणाकुणाच्या, ते त्याने विचारलं नाही.

शनिवारी पाच-सहा जण जमले. लेम्पीने वेलची घातलेला गोड पाव करून आणला होता, जणू सहलीलाच निघाली होती. तिने डाव्या खांद्याला रायफल लावली. दोन बार झाले. तिसऱ्याला टक्. नळी तसूभर हलली नाही. तिने गालसुद्धा उचलला नाही, लिव्हर खालीवर केला, उरलेल्या दोन मारल्या आणि मग माझ्याकडे वळली.

"आर्वो, तुझा माल नासका आहे."

मंडळी हसली. तौनो म्हणाला, नशीब. लेम्पी म्हणाली, मग आता तू मार की. त्याला तेच हवं होतं. मी भरून दिलेली तोफ त्याने ऐटीत उचलली. पहिल्या बाराला रेती उडाली. दुसऱ्याला टक्. नळीने वीतभर खाली डुबकी घेतली. तौनोचे डोळे गच्च मिटलेले, खांदे कानाला टेकलेले, तोंड कडू काढा प्यायल्यासारखं. आम्ही सगळे बघत होतो. त्या शांततेत ब्रेंटने अगदी भाबडेपणाने विचारलं, "तौनो, गोळी तर सुटलीच नाही. मग तुम्ही का हललात?"

हसून हसून माणसं रेतीत बसली. सगळ्यात जास्त मी हसलो. तौनोने बंदूक रिकामी केली, खोळीत घातली, आणि कुणाकडे न बघता गाडीत बसून निघून गेला. लेम्पी मात्र हसली नव्हती, हे मला त्या गडबडीत दिसलंच नाही.

रविवारी तौनोचा निरोप आला. लेम्पीला या वर्षी कॅम्पवर पायच ठेवायचा नाही. मचाण तर नाहीच, जेवायलाही यायचं नाही. माझ्या हुशारीचा हा प्रताप. आगीतून काढून फुफाट्यात टाकलं मी तिला.

सोमवारी ती दुकानात आली तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने बोलूच दिलं नाही.

"तू माझी बाजू घेतलीस की तुझी हौस भागवलीस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"तो बिचकतो हे मला अकरा वर्षं माहीत आहे, शहाण्या. शेजारच्या मचाणावर मी बसते. त्याच्या तोफेचा बार होतो आणि दोन मिनिटांनी हरीण धडधाकट माझ्यासमोर येतं. अकरा वर्षांतली आठ हरणं मी तशीच मारली. कशाला बोलू मी?"

आता मला हसू आवरेना. तीही हसली, पण लगेच सावरली. मग तिने विचारलं, की त्याच फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीत कमी दारूचं काडतूस मिळतं ना, जुन्या बंदुकांना चालणारं, मऊ? मिळतं, म्हणालो. बाहेरून सारखंच दिसतं आणि दलदलीतल्या हरणाला पुरून उरतं. तिने एक डबी घेतली. माझ्याकडून जोरकस काडतुसांचं रिकामं खोकं मागून घेतलं आणि ती सगळी त्यात नीट भरली. हे तौनोला दे म्हणाली. तो येईल.

"अगं, पण मग तुझी हरणं?"

"गेली," ती म्हणाली. "बसायला मिळालं तर बस झालं."

मंगळवारी मी कुलूप काढतो न काढतो तोच तौनो दारात. आधी त्याने हातमोजे पाहिले. मग गांडुळांची चौकशी केली, नोव्हेंबर महिन्यात. शेवटी म्हणाला, ब्रेंटसाठी एखादी हलकी रायफल बघायची होती, पोराचा खांदा नाजूक आहे. मी ते खोकं समोर ठेवलं, आत काय आहे ते सांगितलं आणि कुणी ठेवलं तेही सांगितलं.

त्याने एक काडतूस काढून बोटांत फिरवलं.

"तिला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा वर्षं."

"आणि कुणालाच बोलली नाही?"

मी मान हलवली. तिची आठ हरणं मी त्याला सांगितली नाहीत. सगळंच कबूल करायला तो काय पाद्री आहे? तौनोने खोकं कोटाखाली घातलं आणि त्या दिवशी तो कॉफी न पिताच गेला. संध्याकाळी लेम्पीला निरोप पोचला, की पंधरा तारखेला पहाटे ट्रक दाराशी येईल, तयार राहा.

पंधरा तारखेला शिकारीचा हंगाम सुरू होतो. मी दरवर्षी दुपारी दुकान बंद करून त्यांच्या कॅम्पवर जेवायला जातो. गेलो तेव्हा तौनोचं हरीण दाराबाहेर टांगलेलं होतं, एकाच गोळीचं, छातीत बरोबर. तो चुलीपाशी कांद्याबरोबर काळीज परतत होता. लेम्पी बाकावर बसून बूट सुकवत होती. सकाळपासून तिच्यासमोर एक शेपूटसुद्धा फिरकलं नव्हतं. तिचे गाल थंडीने लाल झाले होते आणि चेहरा लहान मुलीसारखा निवांत होता.

जेवताना ब्रेंटला राहवलं नाही.

"तौनो, तुमच्या बंदुकीचा आवाज आज एवढासाच कसा आला? दरवर्षी माझ्या कानठळ्या बसतात."

तौनोचा घास तोंडापाशीच थांबला. टेबलावरचे सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि कुणाच्या तरी ओठांवर रेतीच्या खड्ड्यातलं हसू परत यायला लागलं.

"बर्फ पडलाय ना," लेम्पी पावाला लोणी लावत म्हणाली. "ताजा बर्फ आवाज गिळतो. मी तर शेजारीच होते, माझे कान अजून वाजताहेत."

ब्रेंटने मान डोलावली. लॅन्सिंगच्या माणसाला बर्फाबद्दल काहीही सांगता येतं. मग उत्साहाने त्याने विचारलं, की पुढच्या वर्षी दलदलीकाठचं मचाण त्याला मिळेल का, आत्याला आज तिथे काही मिळालं नाही तर.

तौनोने काळजाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून बहिणीच्या ताटात ठेवला.

"ते मचाण लेम्पीचं आहे," तो म्हणाला. "ती मेल्यावरसुद्धा आधी तिला विचारायचं."