आजारी पेशी काय करते

आमच्या घरात एक नियम आहे. ड्यूटीवरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही. नियम कुणी केला माहीत नाही, पण कराडजवळच्या आमच्या गावात ज्या ज्या घरातून माणूस पलटणीत गेला, त्या प्रत्येक घरात तो पाळतात. मी सीमेवर असताना आईचा पाय मोडला होता. सुट्टीवर आलो आणि ती लंगडत दार उघडायला आली, तेव्हा मला कळलं. मी चिडलो, तर म्हणाली, "तिथनं तू काय प्लास्टर घालणार व्हतास व्हय?"

आता मी सुभेदार म्हणून निवृत्त होऊन घरी बसलोय आणि मुलगा दिग्विजय तिकडे लडाखला आहे. त्याची आई गेली तेव्हापासून घरात मी एकटा. ऊस गावातला केरबा बघतो, वाट्यानं. दिग्विजयचा दर रविवारी फोन येतो.

"आबा, सगळं ठीक?"

"सगळं ठीक. तुझं?"

"सगळं ठीक."

मग उसाची चौकशी, तिकडची थंडी, आणि संपलं. फोन ठेवल्यावरही मी तो हातात घेऊन बसून राहतो. एवढ्यासाठी आठवडाभर वाट बघायची म्हणजे मी बावळटच म्हणायचा.

दिवाळीनंतर सांगलीच्या एका दवाखान्यातून विचारणा झाली. म्हाताऱ्या माणसांना फ्लूची लस द्यायची आणि पुढे त्यांच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशी कशा वागतात ते बघायचं, असं काहीतरी संशोधन होतं. गावातल्या बाकीच्या पेन्शनरांनी नाकं मुरडली. मी लगेच हो म्हणालो. विज्ञानाचं मला प्रेम वगैरे काही नाही. तिथे कुणीतरी 'कसे आहात' असं विचारेल आणि उत्तर येईपर्यंत थांबेल, एवढ्याच आशेनं मी एसटीत बसलो.

उत्तरासाठी थांबायची ती डॉक्टर पल्लवी. म्हसवडकडची. घरच्यांनी पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली, ही पेशी राखते. पहिल्याच दिवशी मला समजावायला लागली, "सुभेदारकाका, लस म्हणजे तुमच्या शरीरातल्या सैनिकांना..."

"सैनिक मी पाहिलेत," मी म्हणालो. "ते रजेचे अर्ज करतात आणि मेसच्या डाळीला नावं ठेवतात. पेशींना पेशीच म्हणा."

ती खळखळून हसली. मग दंडात सुई टोचली आणि एक अट घातली. ताप, खोकला, काहीही झालं तरी त्याच दिवशी तिला फोन करायचा. पेशी कामाला लागतात तेव्हाचं रक्त तिला हवं होतं. मी हो म्हणून घरी आलो.

थंडी सरता सरता, शिवारात ऊसतोड जोरात असताना मला हुडहुडी भरली. अंग असं मोडून आलं की पाणी प्यायला उठलो तर भिंत धरावी लागली. केरबा दिवस उजाडल्यापासून उसाच्या फडात. घरात तांब्या भरून उशाशी ठेवणारं दुसरं माणूस नाही, हे मला रोजच माहीत असतं. पण तापात ते अंगावर आलं. पल्लवीचा नंबर फोनमध्ये होता, तो मी दाबला नाही. आधी त्या लशीला शिव्या घातल्या. मग वाटलं, एवढ्या तेवढ्या तापाला डॉक्टरला काय सांगायचं? दुखणं सांगणारा जवान कामचुकार, ही पलटणीतली समजूत माझ्या हाडात मुरली आहे.

रविवारी दिग्विजयचा फोन आला. मी उठून बसलो, घसा खाकरला.

"आबा, आवाज का बसलाय?"

"शेजारी उसाचं पाचट पेटवलंय रं. धूर झालाय नुसता."

"जपा. बाकी सगळं ठीक न्हवं?"

"सगळं ठीक."

फोन ठेवला आणि मी रडलो. सांगायला लाज कसली? पोराचा आवाज कानात होता, आणि त्याला एक शब्द खरा सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताप जरा उतरला, तसा राग परत आला. पल्लवीला फोन करून तिची हजेरी घेतली. लस टोचून घेऊनही ताप येत असेल तर उपयोग काय तिचा? तिनं विचारलं, ताप कधीपासून आहे? मी सांगितलं, तर तीच माझ्यावर उखडली. दुपारी गाडी घेऊन आली, नाकात काडी घातली, रक्त नेलं. फ्लूच निघाला. जाताना तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. कितीतरी दिवसांत माझ्या कपाळाला कुणाचा हात लागला नव्हता.

बरा झाल्यावर पुन्हा रक्त द्यायला सांगलीला गेलो. मार्केट यार्डात नवी हळद आली होती, रिक्षात बसल्या बसल्या शिंका आल्या. पल्लवीनं मला संगणकावर ठिपके दाखवले. म्हणाली, या तुमच्या टी पेशी. यंदाचा विषाणू लशीतल्या विषाणूपेक्षा थोडं वेगळं रूप घेऊन आला होता. त्याला दारातच अडवणाऱ्या प्रतिपिंडांना तो नीट ओळखता आला नाही, म्हणून तो आत शिरला. टी पेशी मात्र त्याच्या आतले, सहसा न बदलणारे तुकडे ओळखतात. लशीची आणि जन्मभरात येऊन गेलेल्या जुन्या फ्लूंची आठवण त्यांच्यात असते.

"म्हणून दुखणं छातीत उतरलं नाही, असं मला वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्याच दिवशी फोन केला असता, तर पक्कं सांगता आलं असतं."

मी विषय बदलला. "पण विषाणू तर पेशीच्या आत दडलेला. यांना बाहेरून कळतं कसं?"

"आजारी पेशीच सांगते की. विषाणूचा बारीकसा तुकडा ती आपल्या बाहेरच्या अंगावर आणून धरते. फिरती टी पेशी तो ओळखते, तिथे थांबते, इतरांना बोलावते."

"आणि त्या आजारी पेशीचं काय होतं?"

"तिला मारतात."

"वा! बरं झालं सांगितलं म्हणायचं!"

"शेजारच्या वाचतात ना, काका."

"आणि समजा, तिनं दाखवलंच नाही?"

"काही विषाणू तसंच करतात. पेशीला काही दाखवूच देत नाहीत," ती नळीवर माझं नाव चिकटवत म्हणाली. "मग टी पेशी अगदी जवळून जाते आणि तिला काही कळत नाही."

एवढं बोलून ती पुढच्या माणसाकडे वळली. मला चहा-बिस्किटं देत होते, ती घेतली नाहीत. थेट कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. तिथून मी दिग्विजयला फोन लावला. वार बुधवार होता.

"आबा! काय झालं?" पोर घाबरलेलं.

"आता काय न्हाई. झालं व्हतं. फ्लू. तू फोन केलास तवा मी अंथरुणात व्हतो. धूर-बिर काय नव्हता."

त्यानं काही विचारायच्या आत मी पुढचं बोलून टाकलं.

"बरा हाय मी आता. पण लय एकटं वाटलं रं. तुला सांगावं वाटत व्हतं."

तिकडे कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, बाईचा आवाज होता. पोस्टवर बाई कुठली, असं माझ्या मनात येतंय तोवर तो म्हणाला, "आबा, मी वर न्हाई. मला खाली आणलंय, चंदीगडला. दवाखान्यात हाय. उंचीवर छातीत पाणी झालं व्हतं. श्वासच घेता येईना."

"कवापासनं?"

"त्या रविवारी इथनंच फोन केलेला मी. नाकातली नळी काढून."

"आणि मला सांगितलं न्हाईस? बाप हाय मी तुझा!"

"तुमी तरी कुठं सांगितलं, आबा?"

मी फोन कानाला घट्ट लावला. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता, जरा घरघरणारा. इतकी वर्षं फोनवर बोलतोय, पण त्याचा श्वास मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आबा," तो म्हणाला, "फोन ठेवू नगा."

मी ठेवला नाही.