इमारतीच्या बाहेर

वडोळी नगरपरिषदेची इमारत धूम्रपानमुक्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती पानटपरीपर्यंत वाढली. अनुराधा पिसाळ कामावर आल्या तेव्हा टपरीच्या मागे नवी भिंत उभी होती. खाली हिरवा ऑइलपेंट, वर चुना, प्लॅस्टर अजून ओलं. पिसाळ मॅडम आरोग्य निरीक्षक. वर्षभर सगळ्यांच्या हातापाया पडून ठराव त्यांनीच करून घेतला होता, त्यामुळे अंमलबजावणीही त्यांच्याच गळ्यात पडली.

वाढण्याचं कारण साधं होतं. वसुली विभागाचे खंडागळे बिडी ओढायला टपरीवर गेले. सहीसाठी आलेले लोक त्यांच्या मागोमाग गेले, कारण वडोळीत साहेब टेबलावर सापडत नाहीत, टपरीवर सापडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सहीवर शिक्का हवा म्हणून शिपायाने स्टूल नेलं. स्टुलामागून टेबल गेलं, टेबलामागून कपाट. सरकारी कपाट उघड्यावर कसं ठेवायचं, म्हणून संध्याकाळी भिंत आली. ती कोणी बांधली, असं विचारल्यावर बांधकाम विभाग म्हणाला, "आमच्याकडं नोंद नाही."

"खंडागळे, विझवा ती बिडी. तुम्ही इमारतीत आहात."

खंडागळ्यांनी वर पाहिलं. वर पंखा फिरत होता. "आत्ता तर बाहेर होतो की, मॅडम."

"आता आत आहात. बाहेर जा."

ते मुकाट्याने बाहेर गेले. त्यांच्यामागे लोक गेले, लोकांमागे स्टूल. माणूस नियमाचा पक्का, हीच तर सगळी पंचाईत होती. उद्धट असता तर मॅडमनी पावती फाडून विषय संपवला असता.

पुढच्या आठवड्यात एसटी स्टँड इमारतीत आला. मग शाळेचं मैदान, मग पिठाची गिरणी. कॉरिडॉर इतका लांबला की मॅडम सकाळी पहिल्या दारातून निघायच्या, वाटेत बाकावर बसून डबा खायच्या आणि उन्हं कलताना खंडागळ्यांपर्यंत पोचायच्या. बाळाच्या जन्माच्या दाखल्याला निघालेली एक बाई त्यांना रोज वाटेत भेटायची. हल्ली तिचं मूल तिच्या पुढे धावत असे.

इमारत माळाच्या दिशेने चालली होती, आणि माळावर मॅडमचं घर होतं. त्यांच्या ऋचाला दमा होता. एकदा कुणाच्या तरी लग्नात चार लोकांच्या सिगारेटींनी ती पोर निळी पडली होती आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मॅडमचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून तर गाव सोडून उघड्या माळावर घर बांधलं. म्हणून तर तो मेला ठराव.

"खंडागळे, हात जोडते. नदीकडे जा ना. तिकडे सावली आहे."

"तिकडं स्मशान आहे, मॅडम. तिकडं तोंड करून ओढवत न्हाई."

"मग सोडून द्या बिडी!"

"सोडली की. उद्यापासनं."

मॅडमनी कपाळावर हात मारला. त्या तशाच मुख्याधिकारी बोराटेंकडे गेल्या. बोराटे मूळ खोलीतच बसत, त्यामुळे जाण्यात अख्खा दिवस गेला.

"साहेब, इमारत माझ्या दारात येतेय. वाढ थांबवा."

"इमारतीत धूर आहे का?" बोराटेंनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग झालं तर. तपासणीचं पथक यायचंय. एक थोटूक आत सापडलं तर तुम्हाला विचारेन मी. बाहेर काढा त्यांना."

रागाने मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. परत यायला दुसरा दिवस गेला, आणि तेवढ्यात माळ संपला होता. चारी बाजूंनी हिरवा ऑइलपेंट, वर पंखे, आणि मधोमध ट्यूबलाइटखाली त्यांचं घर. कुंड्यांवर सरकारी नंबर पडले होते. दारासमोर खंडागळे चपला काढून उभे होते आणि त्यांच्यामागे दिसेल तिथवर कागद घेतलेली माणसं होती. बिडी पेटवलेली नव्हती.

"सगळीकडं बघितलं, मॅडम. समदं आतच हाय," खंडागळे ओशाळून म्हणाले. "हे तेवढं खासगी. म्हंजे बाहेर हेच म्हणायचं."

"माझं घर आहे ते. पोर आहे आत."

"तुम्ही म्हणाल तसं. नियम आपण मोडत न्हाई. तुम्ही बाहेर जा म्हणलात तर बाहेर जातो."

"आई?" आतून ऋचाचा आवाज आला. "आलीस? कडी काढू?"

"काढू नकोस!" मॅडम ओरडल्या. "खिडक्यासुद्धा लाव."

मागून लोकांनी रेटा दिला. कुणीतरी म्हणालं, बाई, आवरा की, सह्या खोळंबल्यात. खंडागळ्यांचा एक पाय उंबऱ्यापाशी आला. मॅडमनी त्यांच्या खिशातून काडेपेटी ओढून काढली.

"इथेच ओढा," त्या म्हणाल्या.

"आत?"

"आतच. पेटवा म्हणते ना!"

पंख्याच्या वाऱ्याने दोन काड्या विझल्या. तिसरी मॅडमनी स्वतः बिडीला लावली. खंडागळ्यांनी डोळे मिटून झुरका घेतला आणि कॉरिडॉरभर, पार मूळ इमारतीपर्यंत, काड्या ओढल्याचा आवाज होत गेला. धूर छताला लागला, खाली उतरला, भिंतीभिंतींनी फिरला. त्याला जायला कुठे जागा नव्हती.

मॅडम दाराला पाठ लावून उभ्या होत्या. पायाशी काहीतरी गार लागलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं. दाराखालच्या फटीत, आतून, ओला टॉवेल थोडाथोडा करून कोंबला जात होता.