भोंग्याची लांब हाक

मित्रांनो, मी एक जुना पितळी भोंगा आहे आणि हळू बोलणं मला मुळीच जमत नाही! अमेरिकेतल्या व्हर्मांटच्या डोंगरातल्या कॉबल लेज गावात, दगडखाणीच्या इंजिनघरावर इटलीहून आलेल्या पाथरवटांनी मला बसवलं.

माझं बोलणं सोपं होतं. तुटक शिट्ट्या म्हणजे सुरुंग उडणार, घरात पळा, दारं लावा! एक लांब शिट्टी म्हणजे खाणीत माणूस अडकलाय, दोर घेऊन धावा! काय रुबाब होता माझा!

मग खाण बंद पडली. खड्डा पाण्याने भरला. पाथरवट म्हातारे झाले, शहरातून नवी कुटुंबं आली. वर्षातून एकदा, जत्रेच्या वेळी, मला दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर वाजवून बघत, तेवढंच. नव्या मुलांना माझं बोलणं कुणी शिकवलंच नाही.

एका मार्चमध्ये नव्या घरातल्या डीना आणि मेबल या बहिणी खाणीतल्या बर्फावर घसरत खेळत होत्या. कर्रर्र! बर्फ फुटला. धाकटी मेबल गळ्यापर्यंत पाण्यात, कडेला बोटं रुतवून. डीना जवळ सरकली तसा बर्फ आणखी तडकला. ती मागे वळून इंजिनघराकडे धावली आणि तिने माझी साखळी धरली.

घाबरलेला हात कसा ओढणार? तुटक, तुटक, तुटक!

धाड, धाड! गावातली दारं उघडली नाहीत मित्रांनो, बंद झाली! जुनी माणसं सवयीने आत पळाली. नव्यांना वाटलं, जत्रेची तयारी. मी जीव तोडून ओरडत होतो आणि मीच मदतीला येणाऱ्यांना पळवून लावत होतो.

समोरच्या खिडकीतून जुन्या पाथरवटांच्या घरातल्या एल्विराआजी ओरडल्या, "आत ये गं भवाने! दगड पडेल डोक्यात!"

"कसला दगड, आजी! मेबल बर्फात पडलीय, बुडतेय!"

आजी पोलेंटा, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, ढवळायचा दांडका घेऊनच धावत आल्या. "अगं, मग टुकटुक काय लावलंयस? लांब ओढ! लटक, लटक साखळीला!"

दोघी साखळीला लटकल्या. टाकीतली हवा संपेपर्यंत मी हाक मारली.

आणि दारं उघडली! कुणी दोर आणले, कुणी शिड्या. शिडी बर्फावर आडवी टाकून एकजण पोटावर सरकत गेला. मेबलची बोटं सुटली... आणि तिच्या कोटाची कॉलर त्याच्या हाती लागली. ती निळी पडली होती. मग खोकली. मग भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं!

"मी तर पलंगाखाली शिरलो होतो," म्हातारे ब्रुनोकाका धापा टाकत म्हणाले.

"पोट मावलं का तुझं?" आजींनी विचारलं. डोळे पुसत पुसत.

नंतर गावाने मला घासूनपुसून चकचकीत केलं. छान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखं जुनं काहीतरी असेल. त्याला नुसतं पुसू नका. ते काय बोलायचं, हे जाणणारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. डीना आता रोज शाळा सुटली की आजींकडे जाते. माझी अजून एक शिट्टी तिला शिकायची आहे, आणि ती आता गावात फक्त आजींनाच आठवते.